खाडे लिहायला कोणी नाही आणि दूध रोज येतंय

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी बाणेरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आयटी अ‍ॅडमिन आहे. कंपनीत १८० माणसं, आयटीत मी आणि एक ज्युनिअर मुलगा. गेल्या महिन्यात एका सर्व्हे टूलचं वर्षाचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं आणि ४ लाख ६० हजार रुपये गेले. ते मागवणारा मॅनेजर दीड वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलाय, रिन्यूअलच्या मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात होत्या. टूल आता कोणीच वापरत नाही. सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, 'हे बघायचं काम कोणाचं?' मला उत्तर देता आलं नाही. आता ते म्हणतात, सगळं ऑटोमेट करा, सबस्क्रिप्शन सांभाळणारा एखादा प्लॅटफॉर्म विकत घ्या. दोन डेमो झालेत. याआधी मीच एक स्क्रिप्ट लिहिली होती. ९० दिवस लॉगिन नसेल तर लायसन्स काढून घ्यायचं. त्यात बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका डिझायनर मैत्रिणीचं लायसन्स गेलं. ती कामावर परतली त्या दिवशी तिला तिच्याच फाइल उघडता आल्या नाहीत. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. आणखी एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. पाच महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या एका मुलाचं खातं एका टूलवर अजून चालू होतं, ते मला परवा दिसलं. प्लॅटफॉर्म घ्यावा का? सुरुवात कुठून करू?"

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत, पण आधी त्या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल बोलू, कारण ती आज करायची आहे. ते खातं डिलीट करू नका. आधी सस्पेंड करा आणि त्याच्या लॉगिनच्या नोंदी उतरवून घ्या. मुलाचा कामाचा शेवटचा दिवस कोणता होता ते एचआरकडून घ्या आणि त्यानंतर त्या खात्यातून कोणी आत आलं होतं का, ते पाहा. कोणी आलं नसेल तर ही ढिलाई आहे, सुधारता येते. कोणी आलेलं दिसलं तर मात्र तो अनधिकृत प्रवेश आहे. 'सर्ट-इन' ही सायबर सुरक्षेच्या घटना बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायलाही सांगितलंय. पाच महिने म्हणजे साधारण १५० दिवस, त्यामुळे नियमाप्रमाणे नोंदी असायला हव्यात. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी सरांना आजच लेखी कळवा. "मला हे सापडलं, मी हे केलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून हे हवंय" एवढं पुरे. तुम्ही ते शोधून काढलंय, ताई. लपवलंत तर उद्या ते तुमच्या नावावर चढेल.

दुसरं आजचं काम म्हणजे त्या सर्व्हे टूलच्या कंपनीला मेल. पैसे गेले म्हणून हात झटकू नका. करार शोधून काढा, रद्द करायची मुदत वाचा आणि सरळ लिहा की मागवणारी व्यक्ती आता कंपनीत नाही, सूचना बंद पत्त्यावर गेल्या, रिन्यू झाल्यापासून एकानेही लॉगिन केलेलं नाही, तर परतावा, क्रेडिट किंवा कमी सीट (एक सीट म्हणजे एका माणसाचं लायसन्स) यांपैकी काय करता येईल? करारानं ते बांधलेले नसले तरी काही कंपन्या थोडं सोडतात. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षीचं ऑटो-रिन्यूअल त्याच मेलमध्ये बंद करायला सांगा आणि तसं लेखी उत्तर घ्या.

आता मूळ विषय.

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. दूध नको असेल त्या दिवशी आई तारखेखाली लहानसा 'खा' लिहायची. खाडा. पेपरवाल्याचा खाडा, कामाच्या मावशींचा खाडा. महिनाअखेरी दूधवाला हिशेबाला आला की कॅलेंडर काढायचं आणि दोघांनी मिळून मोजायचं. या पद्धतीत तीन गोष्टी होत्या. दूध किती ते ठरवणारं माणूस घरातच होतं, ते रोज त्याच स्वयंपाकघरात उभं असायचं आणि पैसे देण्याआधी हिशेब व्हायचा. तुमच्या कंपनीत दूध रोज येतंय, पैसे आपोआप जातायत आणि खाडे लिहायला कोणीच नाही. तुमचे सर म्हणतायत की खाडे लिहायचं यंत्र आणा. यंत्र आणता येईल. पण दूध लागतं का, हे यंत्राला सांगणारं कोणीतरी लागेलच.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे. प्रत्येक सबस्क्रिप्शनला आधी एक मालक नेमा, मग ऑटोमेशन करा. मालक म्हणजे आयटी नव्हे. सर्व्हे टूलची मालकी प्रॉडक्ट किंवा मार्केटिंगची, डिझाइन टूलची डिझाइनची, पगाराच्या सॉफ्टवेअरची एचआरची. ते टूल ठेवायचं की सोडायचं हे त्यांनी ठरवायचं. आयटीनं वेळेत विचारायचं, आकडे द्यायचे आणि ठरलं ते अमलात आणायचं. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं तुम्हाला उत्तर देता आलं नाही, कारण कंपनीनं ते कधी ठरवलंच नव्हतं. तुमची चूक असेल तर एवढीच, की हे आधी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. आता म्हणा.

मालक व्यक्ती असावी, 'मार्केटिंग टीम' असं लिहू नका. सोबत दुसरं नावही हवं, कारण माणसं सोडून जातात. आणि टूलवर नोंदवायचा मेल पत्ता कोणाही एकाचा नसावा. 'सॉफ्टवेअर' किंवा 'बिलिंग' अशा नावाचा एक ग्रुप पत्ता बनवा. त्यात आयटीचे दोघं आणि अकाउंट्सचं एक माणूस ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी बिलिंगचा संपर्क म्हणून तोच द्या. हे मी पोळलेला असल्यामुळे सांगतोय. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीचं डोमेनच, म्हणजे वेबसाइटचा आणि मेलचा पत्ताच, एकदा मुदत संपून बंद पडलं होतं. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपन्या, मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी सूचना पाठवतात, डॉट कॉमसारख्या डोमेनना तसा नियमच आहे. त्या आल्याही होत्या, पण सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. सकाळी वेबसाइट गेली, पाठोपाठ सगळ्यांचे मेल गेले, आणि मेलच बंद असल्यामुळे रजिस्ट्रारचा पासवर्ड रीसेट करायचा तर त्याचाही मेल येईना. दीड दिवस आम्ही फोनवर होतो. रक्कम हजार रुपयांच्या आतली होती.

सबस्क्रिप्शनची यादी कशी काढायची, यावर डेमोवाले तुम्हाला बरंच काही दाखवतील. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकू, प्रत्येकजण कुठे लॉगिन करतो ते टिपू, वगैरे. त्याच्या आधी अकाउंट्सच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसा. परदेशी कंपन्यांकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर आपल्याला रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. दर महिन्याला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरताना तुमचे सीए ते आकडे लावतातच. म्हणजे परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांची यादी तुमच्याकडे दर महिन्याला आपोआप बनते, फक्त ती टॅलीच्या लेजरमध्ये पडून असते. मागच्या १२ महिन्यांचं ते लेजर मागा. त्याला कंपनीच्या कार्डांची स्टेटमेंट्स जोडा, आणि ज्याकडे कोणी बघत नाही ती तिसरी गोष्ट म्हणजे कर्मचाऱ्यांची रीइम्बर्समेंट्स. लोक स्वतःच्या कार्डावर टूल घेतात आणि 'इतर खर्च' म्हणून बिल लावतात. तुमच्या डोक्यातल्या यादीपेक्षा ही यादी लांब निघेल, याची तयारी ठेवा.

हे करताना एक फायदा पदरात पडू शकतो. प्रत्येक परदेशी बिलावर तुमच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक आहे का, ते पाहा. नसेल तर समोरची कंपनी तुम्हाला साधा ग्राहक समजून १८ टक्के कर बिलातच लावते आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या पुढच्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. क्रमांक दिला की कर तुम्ही रिव्हर्स चार्जनं भरता आणि पात्र असाल तर क्रेडिट घेता. बिलिंगच्या सेटिंगमध्ये एक रकाना भरायचा असतो, बस. सीएंना विचारून करा.

पैशाच्या बाजूनं फुकटची टूल दिसत नाहीत. ती ओळखीच्या बाजूनं दिसतात. तुम्ही गुगल वर्कस्पेसवर असाल तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटीखाली एपीआय कंट्रोल्स आहेत. 'साइन इन विथ गुगल' करून लोकांनी कोणकोणत्या अ‍ॅपला कंपनीच्या ड्राइव्हची, मेलची परवानगी दिलीय ते तिथे दिसतं. मायक्रोसॉफ्टवर असाल तर एन्ट्रा आयडी या त्यांच्या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेत एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन्स पाहा. पैसे जात नसले तरी कंपनीची माहिती तिथून जात असते, म्हणून तीही यादीत धरा.

आणि आता तुमची ९० दिवसांची स्क्रिप्ट. एन्ट्रामध्ये साइन-इनच्या नोंदी फुकटच्या प्लॅनवर ७ दिवस आणि पी१-पी२ या पैसे भरून घ्यायच्या प्लॅनवर ३० दिवस राहतात. तिथून थेट वाचणाऱ्या स्क्रिप्टला '९० दिवस लॉगिन नाही' आणि '३१ दिवस लॉगिन नाही' यातला फरक कळतच नाही. वापर मोजायचा असेल तर पहिल्या दिवसापासून नोंदी रोज स्वतःच्या जागी उतरवून ठेवायला लागा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ऑटोमेशनमध्ये सगळ्यात आधी हेच करायचं आहे, कारण गेलेल्या दिवसांच्या नोंदी नंतर मिळत नाहीत. तुमची स्क्रिप्ट नोंदी कुठून वाचत होती ते एकदा तपासा.

यादी झाली की तिचं रजिस्टर करा. साधी गुगल शीट चालेल. टूल, मालक, दुसरं नाव, प्लॅन, सीट, वापरातल्या सीट, दर, चलन, पैसे कशातून जातात, कराराची लिंक, कोणत्या प्रकारची माहिती तिथे आहे. रिन्यूअलची तारीख तर हवीच, पण त्याहून महत्त्वाचा रकाना आहे 'नकार कळवायची शेवटची तारीख'. बहुतेक वार्षिक करारांत ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी नकार द्यावा लागतो. ३१ मार्चला रिन्यू होणाऱ्या, ६० दिवसांच्या करारात ती तारीख ३० जानेवारी येते. मार्च एंडला सगळे जागे होतात, तेव्हा दोन महिने उशीर झालेला असतो. सगळे रिमाइंडर या तारखेपासून मागे मोजून लावा.

रिमाइंडरचं यंत्र तुम्ही एका दुपारी उभं करू शकता. शीटवर अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे गुगलच्या शीटला जोडता येणारा छोटा प्रोग्राम, लावा. रोज सकाळी ती तारखा बघेल आणि नकाराच्या तारखेच्या ६० दिवस आधी मालकाच्या नावानं तुमच्या हेल्पडेस्कवर तिकीट काढेल. ३० दिवस आधी दुसऱ्या नावाला जोडेल, १५ दिवस आधी अकाउंट्सला आणि सरांना. मेल पाठवू नका, तिकीटच काढा. मेल वाचून विसरली जाते, तिकीट उघडं राहिलं की बोचत राहतं. तिकिटात सीट किती, वापरात किती, गेल्या वर्षी किती दिले आणि यंदा किती मागतायत हे चारही आकडे स्क्रिप्टनंच भरलेले असू द्या. मालकाला फक्त 'ठेवा', 'कमी करा' किंवा 'बंद करा' एवढंच निवडायचं राहील. माणसाला आकडे शोधायला लावलेत तर तो 'असू दे यंदा' म्हणेल, आणि हे 'असू दे' किती महाग पडतं ते तुम्ही पाहिलंय.

यात एक खाच आहे. अ‍ॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर, म्हणजे तिला ठरल्या वेळी चालवणारी सोय, ज्याच्या खात्यातून लावला त्याच्याच नावानं चालतो. ते खातं बंद झालं की ट्रिगरही गप्प बसतो, कोणाला कळतही नाही. तुमच्या ज्युनिअरनं हौसेनं स्वतःच्या खात्यातून लावला आणि वर्षभरानं तो हिंजवडीला दुसरीकडे गेला, की तुम्ही परत होता तिथेच. त्यासाठी एक वेगळं अ‍ॅडमिन खातं ठेवा. शिवाय दर सोमवारी स्क्रिप्टनं एक संदेश पाठवावा, काही नसलं तरी. "या आठवड्यात नूतनीकरणं ०." सोमवारी संदेश आला नाही तर यंत्र बंद पडलंय हे लगेच कळतं.

मालकानं उत्तरच दिलं नाही तर काय? याचं उत्तर आधी लिहून सरांची सही घ्या. माझं मत असं: उत्तर नाही म्हणजे रिन्यू नाही. पण एक छोटी यादी वगळा. मेल, डोमेन, बॅकअप, कोड साठवायची जागा, पगार, सुरक्षा आणि ग्राहकांना लागणारी कोणतीही सेवा. ही कधीही आपोआप बंद होऊ नयेत. त्यांच्या बाबतीत उत्तर नाही आलं तर तुम्ही स्वतः उठून त्या माणसाच्या टेबलाशी जा.

सोडून जाणाऱ्यांकडे मी जास्त वेळ देतो, कारण पैसे आणि धोका दोन्ही तिथेच सांडतात. आदर्श साखळी अशी असते: एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा दिवस नोंदला की तो एन्ट्रा किंवा वर्कस्पेससारख्या मुख्य ओळखीच्या ठिकाणी पोचतो, आणि तिथून 'स्किम' नावाच्या मानकामार्फत प्रत्येक टूलमधलं खातं आपोआप बंद होतं. या मानकाची दुसरी आवृत्ती २०१५ पासून आहे, बरीच मोठी टूल ती पाळतात. अडचण पैशाची आहे. एकच लॉगिन सगळीकडे चालवायची सोय आणि ही आपोआप बंद व्हायची सोय बऱ्याच कंपन्या फक्त महागड्या प्लॅनमध्ये देतात. १८० माणसांच्या कंपनीत प्रत्येक टूलसाठी ते परवडणार नाही. मी असं करेन: जिथे ग्राहकांची माहिती, कोड किंवा पैसा आहे अशा टूलसाठीच वरचा प्लॅन घ्यायचा आणि बाकीच्यांसाठी एचआरच्या नोंदीवरून आपोआप निघणारं तिकीट ठेवायचं. त्यात रजिस्टरमधून त्या माणसाची सगळी टूल ओळीनं आलेली असतील आणि एकेक बंद करून खूण करायची. हे अर्धंच यंत्र झालं. तरी तुमच्याकडे राहून गेलेलं ते खातं या अर्ध्या यंत्रानंही पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

लोकांचा इथे एक गैरसमज असतो, तो डेमोतही दूर करत नाहीत. मुख्य लॉगिन बंद केलं म्हणजे सगळं बंद झालं असं नाही. टूलमध्ये आधीच उघडलेली सेशन काही काळ चालू राहू शकतात. त्या माणसानं बनवलेले एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय दुसऱ्या प्रोग्रामला आत येऊ देणाऱ्या चाव्या, चालू राहू शकतात. आणि सीट तर चालूच राहते, तिचे पैसे लागत राहतात. गुगल वर्कस्पेसमध्ये सस्पेंड केलेल्या वापरकर्त्याचेही पैसे लागतात. घाईनं डिलीट केलंत तर वर्कस्पेसमध्ये २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांतच ते खातं परत आणता येतं, नंतर नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सस्पेंड करा, सेशन आणि टोकन रद्द करा. मग आठवडाभरात फाइल, कॅलेंडर, डॅशबोर्ड त्याच्या मॅनेजरच्या नावावर करा आणि त्यानंतरच सीट मोकळी करा. मायक्रोसॉफ्टवर असाल तर गेलेल्या माणसाची मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्स करून ठेवता येते. ५० जीबीपर्यंत तिला लायसन्स लागत नाही. फक्त ते खातं पुसू नका, साइन-इन बंद करा. कित्येक ठिकाणी "जुन्या मेल लागतील" म्हणून वर्षानुवर्षं लायसन्स चालू ठेवलेलं असतं.

सीट मोकळी केली की बिल उतरेल असं सरांना अजून सांगू नका. बहुतेक वार्षिक प्लॅनमध्ये सीट मध्येच वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक सबस्क्रिप्शनमध्ये घेतल्यापासून ७ दिवसांच्या आत कमी करता आल्या तर आल्या, नंतर मुदत संपेपर्यंत थांबायचं. मोकळ्या सीटचा खरा उपयोग असा की नवा माणूस आला की आधी तीच द्यायची. स्क्रिप्टला हे शिकवा: नवी सीट मागायच्या आधी मोकळी आहे का बघ. खरी बचत रिन्यूअलच्या दिवशी दिसते, आणि त्या दिवशी किती सीट लागतात हा आकडा हातात हवा.

पैसे जायच्या वाटेबद्दल थोडं. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा (पैसे कापायला आधीच दिलेल्या परवानगीचा) नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, आणि सॉफ्टवेअरसारख्या खर्चासाठी १५,००० रुपयांवरच्या रकमेला पुन्हा ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. त्यावर विसंबून राहू नका. २४ तासांची सूचना ६० दिवसांच्या कराराच्या काही कामाची नाही. आणि ओटीपी न देता पैसे अडवले म्हणजे करार संपला असंही नाही, थकबाकी चढते. शिवाय ओटीपी येतो संचालकांच्या मोबाइलवर, ते असतात विमानात, आणि लागणारं टूल बंद पडतं. मोठ्या वार्षिक रकमा कार्डावरून काढून इनव्हॉइस आणि बँक ट्रान्सफरवर न्या. बिल समोर आलं की माणसाला सही करावी लागते. सबस्क्रिप्शनच्या बाबतीत ती सही करायला लागणारी दोन मिनिटं मला मोलाची वाटतात.

आता प्लॅटफॉर्म. टोरी, झायलो, झ्लुरी, बेटरक्लाउड अशी या कामाची सॉफ्टवेअर आहेत आणि ती चांगलं काम करतात. मोठ्या कंपनीत, शेकडो टूल आणि रोज येणारी-जाणारी माणसं असतील तर त्यांच्याशिवाय निभत नाही. तुमच्यासाठी माझं उत्तर आहे: आत्ता नाही. पुढचे तीन महिने शीट, स्क्रिप्ट आणि तिकिटांवर काढा. मालक नेमलेले नसताना प्लॅटफॉर्म आणलात तर तो अगदी अचूक सांगेल की ६० सीट रिकाम्या आहेत, आणि त्या काढायच्या का हे सांगायला तेव्हाही कोणी नसेल. शिवाय त्याचंही वार्षिक बिल येईल, बहुधा माणशी, आणि त्याच्या रिन्यूअलची तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागेल. तीन महिन्यांनी तुमच्या हातात खरे आकडे असतील: टूल किती, हातानं बंद करावी लागणारी खाती महिन्याला किती, त्यात तुमचे तास किती. ते घेऊन डेमोला बसा. प्रत्येकाला एकच विचारा, आमच्या यादीतल्या कोणत्या टूलमध्ये तुम्ही खातं प्रत्यक्ष बंद करू शकता आणि कोणत्यात फक्त दाखवू शकता? उत्तर लेखी घ्या. घेतलात तर सुरुवातीला फक्त वाचण्याचे हक्क द्या. अशा प्लॅटफॉर्मला सगळ्या टूलच्या अ‍ॅडमिन चाव्या देणं म्हणजे वाड्यातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एका जुडग्यात बांधून बाहेरच्याकडे देणं. द्याव्या लागतात तेव्हा द्याव्यात, पण कोणाला दिल्या आणि परत कशा घ्यायच्या हे ठरवून.

लायसन्स काढून घेण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय, कारण तुमचं पत्र मुळात त्यासाठीच आलंय असं मला वाटतं.

प्रसूती रजा कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांपर्यंत आहे, २०१७ च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे १८२ दिवस. ९० दिवसांचा नियम तुम्ही लिहिलात त्याच दिवशी ही रजा पूर्ण घेणारी कंपनीतली प्रत्येक आई त्यात अडकणार हे ठरून गेलं होतं. कोणी वाईट हेतूनं केलं नाही. पण बाळ घरी ठेवून पहिल्या दिवशी ऑफिसात आलेल्या बाईला स्वतःचंच काम उघडत नाही, तेव्हा तिला नियम दिसत नाही. आपली जागा दुसऱ्याला देऊन झाली, एवढंच तिला दिसतं. कोणतीही स्क्रिप्ट एचआरच्या रजेच्या यादीला विचारल्याशिवाय लायसन्सला हात लावणार नाही, हा नियम सगळ्यात वर लिहा. आजारपणाची रजा, बाहेरगावी पाठवलेली माणसं, तीही त्यात. जे टूल वर्षातून एकदाच लागतं तेही लक्षात घ्या. अप्रेझलचं सॉफ्टवेअर एप्रिलमध्ये जागं होतं, ऑडिटचं वर्षअखेरीला. त्यांना ९० दिवसांची मोजपट्टी लावायचीच नाही.

आणि जिथे लावायची तिथेही आधी विचारायचं. स्क्रिप्टनं त्या माणसाला चॅटवर लिहावं: "हे टूल तुम्ही दोन महिन्यांत उघडलेलं नाही. लागतंय का? नको असेल तर सीट दुसऱ्याला देऊ. पुन्हा लागलं तर एका दिवसात परत मिळेल." खाली 'लागतंय', 'नको', 'नंतर विचारा' अशी तीन बटणं. सात दिवस उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा विचारा, मग मॅनेजरला विचारा, आणि मगच काढा. फाइल मात्र कधीच काढायच्या नाहीत, त्या टीमच्या फोल्डरमध्ये हलवायच्या. 'एका दिवसात परत मिळेल' हे वचन मात्र पाळता आलं पाहिजे. ते पाळलं जातंय असं दिसलं की लोक स्वतःहून 'नको' दाबायला लागतात. परत मिळेल की नाही या धास्तीनंच बरेच जण न लागणारं लायसन्स धरून बसलेले असतात.

तुमच्या मैत्रिणीला याबद्दल मेल करू नका. तिला कँटीनमध्ये चहाला न्या. सांगा की स्क्रिप्ट मी लिहिली होती, तुझी रजा तिच्यात धरली नव्हती, ती माझी चूक. मग नवा नियम तिला दाखवा आणि विचारा की रजेवरून परत येणाऱ्या माणसाला पहिल्या सकाळी काय काय चालू असलेलं लागतं. लॅपटॉपचा पासवर्ड, व्हीपीएन, चॅटचे जुने ग्रुप, डिझाइनच्या फाइल. ती सांगेल ते लिहून घ्या. रजा संपायच्या तीन दिवस आधी आपोआप निघणारं 'परतीचं' तिकीट त्यावरून बनवा आणि पहिलं तिकीट ज्या दिवशी निघेल त्या दिवशी तिला दाखवा.